कप्पा वाकत नाही

जपानी लोककथांवरचं आपलं व्याख्यान शारजातल्या मराठी मंडळात होणारच, तेही मुख्य कार्यक्रमात, समई लावून होणार, असं अंबादासांनी दाढी करता करता जाहीर केलं. त्यांच्या पत्नी विद्युल्लताबाई म्हणाल्या, "बरं."

अंबादास दिवसा शारजाच्या रोल्ला भागातल्या एका ट्रेडिंग कंपनीत इन्व्हॉइस टाइप करत. उरलेला वेळ ते लोकसाहित्याचे डॉक्टर होते. या व्याख्यानासाठी त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं काढली होती. मंडळाचे अध्यक्ष दत्ताराम यांनी ती अर्ध्या समोशात निकालात काढली.

"डॉक्टर, विषय काय म्हणालात? आमची पोरं अरबी चॅनलवर बघतात ती जपानी कार्टून?"

"कार्टून नव्हे. ती ज्या लोकपरंपरेच्या खांद्यावर बसून आपल्या दिवाणखान्यात उतरली, ती परंपरा."

"तेच ते. फॅन्सी ड्रेसमध्ये टाकू. खलास."

अंबादासांचा राग शीतगृहासारखा होता: दार बंद, आत सगळं ताजं. फॅन्सी ड्रेस तर फॅन्सी ड्रेस. पण असा, की समितीनं स्वतः येऊन व्याख्यान मागावं.

त्यांनी कप्पा निवडला. हा जपानी नद्यांतला जलचर: अंगानं पोराएवढा, पाठीला कासवाची ढाल, टाळूवर पाण्याची खोलगट बशी. सगळं बळ त्या पाण्यात. पाणी सांडलं की कप्पा गतप्राण. त्यातून स्वभावानं कमालीचा सभ्य. कुणी वाकून अभिवादन केलं, तर जिवावर बेतलं तरी उलट वाकणार.

त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीच्या, शर्वाणीच्या टोपीवर स्टीलची ताटली चिकटवण्यात आली. पाणी खसच्या सरबतानं हिरवं केलं.

"बाबा, ब्लू पेपर लावू ना. नोबडी विल नो."

"मला कळेल. आणि लक्षात ठेव, आधी आपण वाकायचं नाही. कुणापुढेही."

स्नेहसंमेलनात प्रत्येक मूल आधी प्रमुख पाहुण्यांच्या पाया पडे, मग आपलं वाक्य म्हणे. पाहुणे होते जपानी उद्योजक इशिदासाहेब. दत्तारामांना ज्यांच्या यंत्रांची एजन्सी हवी होती ते. शिवाजी वाकले, भाजीवाली वाकली, मोबाइल फोनसुद्धा कमरेत वाकला. कप्पा ताठ उभा राहिला.

"नमस्कार कर, बेटा," दत्ताराम कुजबुजले. माइक चालू होता.

"आय कान्ट, अंकल. आय'ल डाय."

पहिल्या रांगेतून आवाज आला, "इथं वाढलेली मुलं, दुसरं काय."

"हिला बरं वाटत नाही," दत्ताराम घाबरून म्हणाले. "पाणी आणा कुणीतरी."

"पाणी आहे," विंगेतून अंबादास शांतपणे म्हणाले. "तिच्या डोक्यावर."

तेवढ्यात इशिदासाहेब उठले. त्यांनी कप्प्याकडे नीट पाहिलं, हात मांड्यांना टेकवले आणि कमरेतून खोल वाकले.

शर्वाणीनं बापाकडे पाहिलं. एका बाजूला पाहुण्यांचा पांढरा शर्ट होता, दुसऱ्या बाजूला शास्त्र. अंबादासांनी मान डोलावली.

कप्पा वाकला. खसचं सरबत इशिदासाहेबांच्या शर्टावरून दत्तारामांच्या एजन्सीसकट खाली ओघळलं. उरलेलं माइकच्या पेटीत शिरलं आणि ती पेटी म्हशीसारखी हंबरून गप्प झाली. शर्वाणी, वडिलांच्या सूचनेनुसार, धाडकन आडवी झाली. बायका किंचाळल्या. कुणी कांदा मागितला, कुणी चप्पल.

इशिदासाहेबांनी मात्र टेबलावरचा आपला ग्लास उचलला, गुडघे टेकले, एका हातानं कप्प्याचं डोकं सावरलं आणि ताटलीत हळूच पाणी ओतलं. कप्पा उठून बसला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

अंबादास धापा टाकत मंचावर आले. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "साहेब, पाणी परत घालण्याची ही कथा आपण कोणत्या प्रांतात ऐकलीत? आजीकडून असेल?"

"टीव्हीवर," इशिदासाहेब शर्ट पिळत आनंदानं म्हणाले. "कार्टूनमध्ये. माझी मुलगी रोज बघते."

दत्ताराम पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचं हसू पाहत होते, आणि धंद्याचा माणूस हसू वाया घालवत नाही. निघताना त्यांनी अंबादासांना गाठलं.

"डॉक्टर, तुमचं लेक्चर ठेवू. मेन प्रोग्रॅममध्ये, इशिदासाहेबांसमोर. फक्त तो पोशाख तुम्ही घालायचा."

घरी पोचल्यावर अंबादास अत्यंत संयत स्वरात म्हणाले, "टेप काढ. माझ्या डोक्याचा घेर घे."

विद्युल्लताबाई त्यांच्याकडे वरपासून मध्यापर्यंत पाहत म्हणाल्या, "डोक्याचं नंतर बघू. हात वर करा, आधी पोट मोजते. ढालीचे बंद पुढं यायला हवेत ना."