एक कपची जास्त

सासऱ्यांची गाडी आठवडाभर आमच्याकडे होती आणि संध्याकाळी ते ती न्यायला येणार होते. चालताना ती जरा धक्के देत होती, म्हणून मी ठरवलं, स्पार्क प्लग आपणच बदलून टाकू. जावयाबद्दलचं त्यांचं मत सुधारायला तेवढीच मदत. (मत काय आहे ते विचारू नका.)

तीन प्लग मुकाट्याने निघाले. चौथा हलेना. एखादी वस्तू का अडली, याचं मला खूप कुतूहल वाटतं, पण ते जोर लावून झाल्यावर. मी दातओठ खाऊन पान्याला लोंबकळलो. "कट्ट!" प्लगचं डोकं पान्यात आलं, धड इंजिनातच राहिलं. पांढऱ्या चिनीमातीच्या कपच्या उडाल्या, एक तर थेट माझ्या तोंडात. ती थुंकून मी शहाण्यासारखी बाकीच्या कपच्यांबरोबर रुमालात ठेवली.

घराच्या खालीच बायकोचा दातांचा दवाखाना आहे. (पेशंट म्हणून मी तिथे पाऊल ठेवत नाही. महिनाभर एकाच बाजूने चावतोय, हेही तिला सांगितलं नव्हतं.) तिने खिडकीतून विचारलं, "काय मोडलंस?"

"मोडलंच, असं का धरून चालतेस?"

"तुझी शीळ बंद पडली म्हणून."

ती बाहेर आली, कपाळावरचा दिवा लावून भोकात डोकावली आणि एकदम खुलली. "अय्या, मूळ आतच राहिलंय!" (एवढा आनंद तिच्या चेहऱ्यावर मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.)

मी पक्कड पुढे केली.

"हात लावू नकोस! एक जरी कपची आत राहिली, तरी बाबांचं इंजिन गेलं. आणि मग तू."

मी पक्कड खिशात घातली. दवाखान्यातली लाळ ओढायची नळी खिडकीतून बाहेर आली आणि तिने भोकाचा कानाकोपरा साफ केला. मग मुळाभोवती तेलाचे थेंब सोडले. "आता भिनू दे." तेवढ्या वेळात ती माझी हत्यारांची पेटी उचकू लागली.

"तू भिंतीवरचं घड्याळ ज्या विचित्र स्क्रूला टांगलंयस, तो यातलाच ना? त्याचे आटे उलटे का आहेत, असा कधी प्रश्न पडला नाही तुला?"

"पडला ना. उत्तर मिळेना, म्हणून घड्याळ टांगलं."

घड्याळ उतरलं, स्क्रू आला. (तो म्हणे मोडून अडकलेलं काढायलाच असतो.) तिने तो मोडक्या मुळात हलकेच ठोकून बसवला आणि उलटा फिरवायला लागली. जितका फिरवावा तितका तो आत रुतत होता. मीही श्वास रोखून पाहत होतो. "घाबरायचं नाही हं राजा, झालंच," ती पुटपुटली. (राजा म्हणजे इंजिन.) शेवटी कुरकुरत मूळ सुटलं आणि अलगद बाहेर आलं.

पण तिचं समाधान होईना. काही आत राहिलं नाही ना, हे बघायला तिने सगळ्या कपच्या ट्रेमध्ये मांडल्या आणि जुळवायला घेतल्या. प्लग अख्खा जुळला. एक कपची उरली.

"ही कुठली?" ती म्हणाली.

"मेलो! इंजिनाच्या आतलं काहीतरी तुटलं!" मी पुन्हा भोकात डोकावलो.

तिने भिंग लावलं. कपची उलटी केली, सुलटी केली, नखाने खरवडली. मग दिव्यासकट सावकाश माझ्याकडे वळली.

"इंजिनाला कीड लागते का रे?"

"नसावी लागत."

"मग आ कर बघू."

नवे प्लग बसले. संध्याकाळी सासऱ्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. धक्का नाही, खोकला नाही. ते कौतुकाने म्हणाले, "वा, जावईबापू! काढताना फार त्रास झाला का हो?"

तोंडात कापसाचा बोळा होता. मी नुसतं "ऊं, ऊं" केलं.

"गाडीने अजिबात नाही दिला, बाबा," बायको म्हणाली. "तिला धरून ठेवायला शेजाऱ्यांना बोलवावं लागलं नाही."