मोरदरीच्या एकशे तेरा चुली

ऊर्जेचा प्रश्न हा अंतिमतः चुलीचा प्रश्न आहे. धरणे, अणुभट्ट्या आणि तेलाच्या विहिरी वर्तमानपत्रात फोटोसह येतात म्हणून थोर वाटतात. परंतु देशातले बरेचसे इंधन मुकाट्याने भाकरीखाली जळते, ही गोष्ट एके दिवशी शासनाच्या ध्यानात आली. शासनाच्या ध्यानात आलेली गोष्ट तशीच राहत नाही. तिची मोहीम होते.

निर्धूर ग्राम मोहीम १९८६ साली चाळीसगाव तालुक्यातल्या मोरदरी या गावी पोचली, तेव्हा गावात एकशे तेरा उंबरे होते. तीन महिन्यांत एकशे तेरा निर्धूर चुली बसल्या. पुढे एक तोंड, मागे एक वैल, आणि धूर छपरातून बाहेर नेणारे सिमेंटचे धुराडे. चूल दिसायला देखणी होती. गवंड्याने जाताना प्रत्येक चुलीवर चुन्याचा हात फिरवला, बायाबापड्यांनी कुंकवाची पाच बोटे उमटवली, आणि इतकी पांढरी, नवी, सरकारी वस्तू जाळून काळी करणे सगळ्यांच्याच जिवावर आले.

शिवाय एक तांत्रिक मुद्दा होता. चुलीचे तोंड सरासरी कुटुंबाच्या सरासरी पातेल्यावरून आखले होते. हे कुटुंब साडेचार माणसांचे असून ते बहुधा भात खाते. मोरदरीत एका तव्याभोवती नऊ माणसे बसतात आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी खातात. तवा चुलीवर ठेवला की लहान झालेल्या टोपीसारखा एका बाजूला कलंडे. सबब गावातल्या बायका परसात तीन दगड मांडून पूर्ववत रांधू लागल्या. धूर घराबाहेर घालवणे हे मोहिमेचे पहिले उद्दिष्ट अशा रीतीने पहिल्याच आठवड्यात साध्य झाले.

आम्ही खाजगीरीत्या केलेल्या पाहणीनुसार चुलींचा वापर पुढीलप्रमाणे होता: कांदे-लसूण ठेवण्यासाठी ४१, रेशनची साखर व कार्ड ठेवण्यासाठी २३, कोंबडी बसवण्यासाठी १७, लग्नातले फोटो मांडण्यासाठी ९, काहीही न ठेवता नुसता मान राखण्यासाठी २२. स्वयंपाकासाठी १.

ही एक चूल पुष्पाबाईंची. पुष्पाबाईंचा मुलगा सुरतेला साड्यांच्या कारखान्यात. घरात त्या एकट्याच. त्यांनी चूल बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी (योजनेत फेरबदल करण्याचा कोणताही अधिकार नसताना) विळ्याने तिचे तोंड दोन बोटे रुंद केले, वरून मातीचा हात दिला आणि तवा बसवला. तवा बसला. धूर वर गेला. चाळीस वर्षे त्यांच्या डोळ्यांना पाणी लागलेले असे, ते महिनाभरात थांबले. सुईत दोरा जाऊ लागला. एसटीची पाटी वाचता येऊ लागली. गावातल्या लोकांची तोंडेही प्रथमच स्वच्छ दिसली, त्यावर त्यांचा अभिप्राय असा होता: "इतला वरीस दखायनं नही, ते काही गमाडं नही." (इतकी वर्षे दिसले नाही, त्यात काही गमावले नाही.)

आता डीपीकडे वळू. मोरदरीची डीपी, म्हणजे खांबावरचा तो वीज देणारा डबा, जळून चौदा महिने झाले होते. विहिरीत पाणी होते, विहिरीवर मोटार होती, मधली वीज तेवढी नव्हती. कापूस माना टाकून उभा होता. अशात परिपत्रक आले की, जे गाव शंभर टक्के निर्धूर ठरेल त्यास नवी डीपी अग्रक्रमाने मिळेल. (जे गाव लाकूड सांभाळून जाळते ते वीजही सांभाळून जाळील, असा यामागचा विचार असावा. विचार उत्तम होता.)

तपासणीचा फॉर्म सोबत होताच. त्यात धूर येतो काय, हा प्रश्न नव्हता, कारण निर्धूर चुलीला धूर येत नाही हे नावावरूनच सिद्ध होते. सातवा रकाना असा होता: "चूल पांढरी व सुस्थितीत आहे काय?"

ग्रामसेवक तोताराम यांनी आधी रंगीत तालीम घेतली. एकशे बारा चुली दुधासारख्या निघाल्या. एकशे तेरावी काळी. सरपंच उखर्डू नाना दहा जणांना घेऊन पुष्पाबाईंच्या ओट्यावर गेले.

"आक्का," नाना म्हणाले, "तुनी चूल काळी कशी व्हयनी?"

"चूल शे नाना. तिन्हामा जाळ करस मी."

"बठ्ठा गावनी पांढरी शे."

"बठ्ठा गाव परसामा रांधस."

तोताराम हे शिकलेले गृहस्थ. त्यांनी समजुतीच्या सुरात खुलासा केला, "बाई, वापरायला शासनाची मनाई नाही. फक्त वापरल्याची खूण राहता कामा नये."

"पाडी टाकूत," मागून कोणीतरी म्हणाले. "नवी बसाडूत."

"पाडा," पुष्पाबाई म्हणाल्या. "मंग मना डोया बी नवा बसाडा."

एका पारड्यात एकशे बारा घरांचा कापूस आणि दुसऱ्यात दोन डोळे. ही तोलणी सोपी वाटते. पण ते डोळे समोर बसून बघत असतात तेव्हा सोपी राहत नाही. शेवटी तडजोड निघाली. तपासणी गुरुवारी होती. सोमवारपासून चार दिवस पुष्पाबाईंनी चूल पेटवू नये, चुलीला चुन्याचे तीन हात द्यावेत, आणि गावाने पाळीपाळीने त्यांना भाकरी पुरवावी.

"चार दिन," पुष्पाबाईंनी बोटे दाखवली. "पाचवा दिन मी पेटाडसू."

त्यांनी शब्द पाळला. शासनाने मात्र त्यांच्याशी तसा काही शब्द केलेला नव्हता. साहेब शुक्रवारी आले.

मूल्यमापन अधिकारी मोठे सज्जन आणि अनुभवी होते. खान्देशातले दौरे ते नेहमी डिसेंबरात ठेवत, कारण भरताची वांगी तेव्हा भरात असतात. निर्धूर गावात भरीत कसे करावे, यावर निरोपातच मार्गदर्शन होते: "वांगी पऱ्हाट्यांवरच भाजावीत. गॅसवरच्या भरताला चव नसते." त्यानुसार नानांच्या मळ्यात एक बैलगाडीभर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, पेटवण्यात आल्या. धूर असा उठला की शेजारच्या गावाहून माणूस विचारायला आला. साहेब त्या धुरात, डोळ्यांतून धारा लागल्या असता, प्रसन्न उभे होते. हा धूर शिवारातला असून चुलीतला नव्हता. त्यामुळे फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.

भरीत ठेचून झाले. पानावर भाकरी आली. साहेबांनी एक तुकडा मोडला, आणि थांबले. भाकरी गरम होती, मऊ होती, पापुद्रा सुटलेला होता.

"ही कुठली?"

"गावातलीच," नाना म्हणाले, आणि म्हणता क्षणी पस्तावले. त्या दुपारी अख्ख्या मोरदरीत पेटलेली चूल एकच होती. बाकीच्या बायांनी तपासणीसाठी परसातले तीन दगडही विखरून टाकले होते.

"तव्यावरची खाऊ," साहेब उठले. साहेब उठल्यावर त्यांना बसा म्हणण्याची पद्धत नाही.

पुष्पाबाई भाकरी थापत होत्या. सकाळपासूनच्या जाळाने चुन्याचे तिन्ही हात पुन्हा काळे पडले होते. साहेब चुलीसमोर पाटावर बसले. तिसऱ्या भाकरीला त्यांच्या डोळ्यांचे पाणी थांबले. चौथ्या भाकरीला त्यांनी इकडेतिकडे पाहिले.

"बाई, धूर कुठंय?"

"वर जास, साहेब. तुमनीच चूल शे."

साहेबांनी मान वर करून धुराडे पाहिले. सहा वर्षांच्या सेवेत त्यांनी नऊ हजार चारशे अठरा निर्धूर चुली तपासल्या होत्या. पेटलेली ही पहिलीच. त्यांनी बोट लावून पाहिले आणि ते झटकन मागे घेतले. टिपणवहीत नोंद झाली: "चालू असल्यास गरम लागते."

मग त्यांनी सातवा रकाना काढला. साहेब सचोटीचे होते. काळ्या चुलीपुढे पांढरी असे त्यांनी आयुष्यात लिहिले नव्हते. एकशे तेरांपैकी एकशे बारा, म्हणजे नव्याण्णव पूर्णांक बारा शतांशही नाही, अकराच. नानांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. बाहेर ओट्यावरच्या दहा जणांनी एकदम चपला घातल्या. कोणी विळा, कोणी पहार, असे काही मनात आले असावे.

साहेब एक भाकरीभर विचार करत होते. चूल पाडावी तर पुढची भाकरी कशावर? शंभर टक्के लिहावे तर सचोटी जाते. राहता राहिला छेद. शेवटी त्यांनी एकशे तेराचे एकशे बारा केले आणि शेऱ्यात लिहिले: "पुष्पाबाई: स्थलांतरित. हल्ली मुक्काम सुरत, मुलाकडे."

तोतारामांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"मी आठेच शे," पुष्पाबाई म्हणाल्या.

"कागदावर, बाई," साहेब म्हणाले. "फक्त कागदावर."

"बरं. मंग ह्या भाकरी कोन देई ऱ्हायनं?"

साहेबांच्या तोंडात घास होता.

डीपी दीड महिन्यात आली. मोटारी चालल्या, कापूस उभा राहिला, आणि मोरदरी हे आदर्श निर्धूर ग्राम घोषित झाले. दूरदूरचे पाहुणे येतात. त्यांना मान राखलेल्या बावीस चुली दाखवतात आणि जेवायला गावात न राहणाऱ्या पुष्पाबाईंकडे नेतात.

तथापि अलीकडे चिंतेची बाब उद्भवली आहे. त्या दुपारपासून गावातल्या बाया एकेकट्या पुष्पाबाईंकडे येऊन विळा मागून नेतात. तोंड दोन बोटे रुंद होते, तवा बसतो, चूल काळी पडते. गेल्या दिवाळीपर्यंत अकरा झाल्या. तोतारामांनी शंभर टक्के राखण्यासाठी अकरा कुटुंबे सुरतेला पाठवली आहेत. यंदा आणखी एकोणीस जातील. मोहीम याच वेगाने यशस्वी होत गेली तर १९९१ च्या जनगणनेच्या सुमारास मोरदरीतली प्रत्येक चूल चालू असेल आणि गावात एकही माणूस नसेल.

शहरातल्या वाचकांना या खेडवळ प्रकाराचे हसू आले असेल. हसावे. हसून झाल्यावर गच्चीवर जावे आणि सवलतीत घेतलेल्या आपल्या सोलर कुकरचे झाकण उघडून पाहावे. आत सांडग्यांचा डबा निघाला आणि भांडी अजून चकाकत असली, तर काळजी नको. आपला पत्ता बदललेला नाही. आपण शंभर टक्क्यांत आहात.