‘येतो’ म्हणोन गेले त्यांची बखर

श्रीधन्वंतरी समर्थ. ज्याने नाडी दिली त्यास आधी नमन, ती पाहणारा कोठे सापडल्यास मागाहून त्यासही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, ते वर्षीचे वर्तमान ऐसे जे, बखरकारास हौस लढाईची, नशिबी आली डाक्टरभरती, तीच शूरपणे लिहितो. राज्याचे शेवटास डोंगरमहाल, तेथे दवाखाना बुलंद, खुर्ची फिरती, आणि खुर्चीवरी मांजर. महालकरी भिकाजीपंत गुळवे, बोलण्यात सरदार. त्यांची लेक सगुणा पहिले बाळंतपणास माहेरी आली होती, आणि मागील साली शेजारची सून घाट उतरता वाटेतच दगावली होती, तेणे पंतांस अन्न गोड लागेना. मग पंत कंबर बांधोन राजधानीस गेले आणि नुकते शिकोन निघालेले डाक्टर जमवोन महालाची थोरवी गाते जाहले, की हवा शुद्ध, खिडकीतून धबधबा, आणि ताक फुकट. तुम्हांस काय हवे, हे पुसावयाचे तेवढे राहिले. मुलांनी फराळ केला, माना डोलाविल्या आणि उठता उठता एकेक म्हणाला, "बरं काका, येतो." पंतांनी तो शब्द शिरी धरिला, फत्ते जाहली म्हणोन तोरणे बांधविली आणि ढोल घेवोन वेशीत उभे राहिले. मग यष्टी आली, आणि तीतून उतरला कंडक्टर.

तेव्हा पंतांचे कुटुंब काशीबाई बोलिल्या, "अहो, घरातून निघताना तुम्ही काय म्हणता? येतो! पोरं येतो म्हणाली म्हणजे गेली हो." पंत मनी म्हणाले, मराठी मुलखात केस पिकले आणि मराठी आज कळली.

पुढे मैथिली खुटवड नामे एक नवी डाक्टरीण जागा पाहावयास मात्र आली. पंत धबधबा दाखविते जाहले, तिने न्हाणीघर पाहिले, आणि म्हणाली, "काका, धबधबा छान आहे. पण न्हाणीघराला कडी नाही, अडलेल्या बाईला खाली न्यायला गाडी नाही, आणि मीच अडले तर फोनवर विचारायचं कोणाला? हे होत नाही तोवर मी जाते."

काशीबाई कळवळल्या, "अगं, जाते म्हणू नये. येते म्हणावं!"

"येते म्हणणारे आले का, काकू?"

 मग भाषणे बंद करोन पंतांनी स्वतः पेचकस घेतला, कडी उलटी बसविली, ती सुताराने सुलटी केली, आणि पंतांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवोन गाडी आणिली, आणि शहरीच्या एका वडीलधाऱ्या डाक्टरीणबाईंस हात जोडोन फोन उचलण्याचे वचन घेतले. मग मैथिलीबाई बिऱ्हाडासह दाखल जाहल्या. सगुणेस कळा आल्या तो मूल आडवे. मैथिलीबाईंनी फोन लाविला, शहरीच्या बाईंनी तो उचलोन धीर दिला, गाडी दारीच होती, आणि त्या स्वतः सगुणेचा हात धरोन घाट उतरल्या, आणि शहरी नात सुखरूप जाहली. पंत ओक्साबोक्सी रडले, आणि हे बखरीत लिहू नका म्हणाले, म्हणोन लिहिले.

दिवाळीस मैथिलीबाई घरी निघाल्या, यष्टीचे पायरीवरी पाय ठेविला आणि म्हणाल्या, "काका, येते हं." पंत पुढे धावले. भर वेशीत हात जोडोन बोलिले, "डॉक्टर, पाया पडतो तुमच्या, 'जाते' म्हणा!"

त्या हसल्या. "बरं. जाते."

सारांश, महालकरी शहाणे जाहले, परंतु थोडे. मैथिलीबाई भाऊबीज करोन परत आल्या आणि मांजर पुन्हा खुर्चीवरून उतरले. लेखणी येथेच ठेविली.