लंबक कपाटाखाली होता

मुलांना खोटं लिहायला परीक्षा मंडळानेच शिकवलं. हे पहिल्याच ओळीत सांगितलेलं बरं, म्हणजे पुढे मामांचे उद्योग वाचून कुणी सगळं खापर त्यांच्याच डोक्यावर फोडणार नाही. मंडळाने पंख्याखाली बसून परिपत्रक काढलं: प्रात्यक्षिकातलं उत्तर पुस्तकातल्या उत्तरापासून दोन टक्क्यांपेक्षा जास्त ढळलं, तर शून्य गुण. कॉलेजातली घड्याळं कसली, मोजपट्ट्या कसल्या, हे बघायला मंडळाचा एकही माणूस कधी जिना चढून आला नाही.

मामा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बावीस वर्षं. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणे. शेवटच्या वर्षाला असलेली त्यांची भाची तेवढी नात्याने म्हणे.

प्रयोग साधाच. धाग्याला पितळी गोळा टांगायचा, हलका झोका द्यायचा, वीस झोक्यांचा वेळ घ्यायचा, लांबी मोजायची आणि त्यावरून गुरुत्वाचं त्वरण काढायचं. पुस्तकात ते ९.८ आहे. पण प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच तासाला पावणेदोन मिनिटं मागे पडायचं, त्यामुळे उत्तर यायचं १०.४. मामांनी नव्या घड्याळासाठी तीन अर्ज केले. तिन्ही अर्ज कुठल्यातरी फायलीत सुखाने नांदत राहिले. मग मामांनी स्वतःचं डोकं चालवलं. लाकडी मोजपट्टीची झेरॉक्स एकशे सहा टक्क्यांवर मोठी करून घेतली आणि जुन्या पट्टीवर चिकटवून टाकली. घड्याळ खोटं, पट्टी खोटी, उत्तर मात्र चोख ९.८. दहा वर्षांत लंबकावर एकही पोर नापास झालं नाही.

परीक्षेच्या सकाळी बहिणीने त्यांना दारातच गाठलं. "प्रात्यक्षिकात गेली तर पोरीचं वर्ष जाईल. तू आहेस तिथे, लक्ष असू दे."

"ताई, डोळे मिटून केलं तरी ९.८ येणार," मामा म्हणाले. "तो लंबक मी हाताने वळण लावून वाढवलाय."

प्रयोगशाळेत पाऊल ठेवलं तर विभागाच्या मॅडम खुशीत उभ्या. हातात नवंकोरं स्टॉपवॉच.

"मामा, तुमचा तिसरा अर्ज मंजूर झाला बघा. परीक्षकांसमोर ते जुनं डबडं नको."

मामांचा चेहरा उतरला. "मॅडम, जुन्याची मुलांना सवय आहे."

"घड्याळाची कसली सवय? वेळ तर तीच असते ना?" असं म्हणून मॅडमनी जुनं घड्याळ आपल्या खणात टाकलं आणि किल्ली पर्समध्ये.

आता आली पंचाईत: घड्याळ खरं झालं, पट्टी खोटीच राहिली. पट्टीचं सांगावं तर नोकरीवर गदा, न सांगावं तर भाचीवर.

मुलं बारा, लंबक एक. परीक्षक लंबकाकडे पाठ करून टेबलाशी बसले आणि एकेकाची तोंडी घेऊ लागले. भाचीचा नंबर पहिला. तिने तीनदा मोजलं, तीनदा गणित केलं आणि कपाळाला आठ्या घालून बसली.

मामा फडकं फिरवत जवळ गेले. "किती?"

"९.२४."

"९.८ लिही."

"आलं नाही ते कसं लिहू?"

"सगळे लिहितात."

"मग मोजायचं कशाला, मामा? घरूनच लिहून आणलं असतं."

मुलगी आईवर गेली होती. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मामांनी ठरवलं, कागदी पट्टी सोलून टाकायची. खालची लाकडी पट्टी खरी, घड्याळ खरं, मग तिला म्हणायचं, परत घे. त्यांनी पुसल्यासारखं करत नखाने टोक उचकटलं. पण दहा वर्षांपूर्वीचा डिंक मामांइतकाच इमानी निघाला. त्यांनी जोर लावला, स्टँड हललं, धागा तुटला आणि पितळी गोळा गडगडत थेट कपाटाखाली गेला.

भाची तोंडीच्या रांगेत जाऊन बसली होती, बाकी कुणी वळूनही पाहिलं नाही. मामा पोटावर आडवे झाले आणि कपाटाखाली शिरले. आत काचेचा एक फुटका लोलक होता, दोन चमचे होते, कुणाची तरी हरवलेली चप्पल होती. गोळा मात्र पार भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. हात पुरेना. तिथून मामांना फक्त पाय दिसत होते. पायांची एकेक जोडी स्टँडपाशी यायची, बरं दिसावं म्हणून घटकाभर थांबायची आणि समाधानाने परत जायची. मामांनी अकरा जोड्या मोजल्या. एकीनेही विचारलं नाही की लंबक कुठे आहे.

तोंडीही ऐकू येत होती. परीक्षक भाचीला विचारत होते, "न्यूटनचं मेकॅनिक्स आणि क्वांटम मेकॅनिक्स, फरक काय?"

"न्यूटनच्यात सुरुवातीची जागा, वेग आणि लागणारं बल कळलं की वस्तूचं पुढचं सगळं ठरलेलं, सर. क्वांटममध्ये कण कुठे सापडेल याची फक्त शक्यता सांगता येते. मोजल्यावर एक उत्तर मिळतं, आणि त्या मोजण्यानेच कणाची अवस्था बदलते."

"छान. मग आपला लंबक कशात बसतो?"

"न्यूटनच्यात, सर. पण इथे मोजायच्या आधीच उत्तर ठरलेलं असतं. ते कशात बसतं, ते पुस्तकात नाही."

मॅडम खोकल्या. परीक्षकांनी कागद गोळा केले. "अकरा जणांचं ९.८०. उत्तम तयारी. एकीचं ९.२४. परिपत्रकाप्रमाणे शून्य. माझा इलाज नाही."

हे ऐकलं आणि मामांनी चपलेने गोळा ओढला, कपाटाखालून बाहेर आले आणि जाळीजळमटांसकट टेबलासमोर उभे राहिले. "साहेब, लंबक अर्धा तास माझ्यापाशी आहे. या अकरा जणांनी काय मोजलं?"

मग मामांनी घड्याळ, झेरॉक्स, एकशे सहा टक्के, सगळं ओकून टाकलं. मॅडम मटकन स्टुलावर बसल्या. "दहा वर्षं, मामा? आणि मी निकालाबद्दल सत्कार घेत होते."

परीक्षक चिडले. "बाजूला व्हा. मी स्वतः घेतो." त्यांनी नवा धागा बांधला, कागदी पट्टीवर लांबी पाहिली, झोका दिला, बटण दाबलं. हात मात्र सवयीचा. बारावा झोका चालू असतानाच त्यांनी निष्कर्षाच्या जागी लिहून टाकलं: ९.८.

भाची कागदावर वाकली. "सर, अजून आठ झोके राहिलेत."

परीक्षकांनी आठ झोके पुरे केले, गणित केलं. ९.२४. त्यांनी गणित पुन्हा तपासून पाहिलं. मग हसू लागले, आणि डोळे पुसत म्हणाले, "पंचवीस वर्षांत मी स्वतः पहिल्यांदा मोजलं."

मामांनी पाण्याचा बोळा फिरवून पट्टी सोलली. बाराही जणांनी पुन्हा प्रयोग केला, या वेळी परीक्षक समोर बसून. ९.५ आलं, ९.९ आलं, १०.१ आलं, एका पठ्ठ्याने झोके मोजताना चूक केली, त्याचं ११ आलं. पोरं एकमेकांचे आकडे बघून खिदळत होती. भाचीचं आलं ९.६. दोन टक्क्यांची हद्द ९.६०४.

"अगं, केसाएवढा फरक आहे," मॅडम कळवळून म्हणाल्या. "९.६१ लिही ना."

"९.६ आलंय, मॅडम."

परीक्षकांनी दोन्ही गठ्ठे एकाच लिफाफ्यात घातले आणि वर सही केली. मामांनी आत मंडळाच्या नावे स्वतःचं पत्र टाकलं. अर्ज लिहिण्याचा हात होताच, पण या वेळी कृपावंत नाही, विनंती नाही:

"पहिल्या गठ्ठ्यात लंबक कपाटाखाली होता, तुमच्या नियमाने अकरा पास. दुसऱ्यात लंबक जागेवर होता, तुमच्या नियमाने आठ नापास, त्यात माझी भाची. पट्टीबद्दल मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण आधी हे सांगा, तुम्हाला मोजणारी मुलं हवीत की न मोजणारी? उत्तर लेखी पाठवा. दोन टक्के इकडेतिकडे चालेल."