आषाढातली गाठ

देवस्थळी साहेबांनी उत्पादनाच्या पद्धतीत सुधारणा केल्यापासून इचलकरंजीच्या त्या कारखान्यात कापड आधी निघू लागलं आणि सूत मागाहून लागू लागलं.

सुरुवातीला फरक फार नव्हता. साहेबांनी सूत गुंडाळलेल्या कांड्यांच्या पेट्या मागांजवळ आणून ठेवल्या, जुने पट्टे बदलले, चहा जागेवर देण्याची सोय केली. वाया जाणारा वेळ कमी होत होत एके दिवशी शून्याच्याही खाली गेला आणि त्या दिवशी कापड घटकाभर लवकर आलं. मालक खूश झाले. साहेबांनी आणखी सुधारणा केल्या. वैशाखातच आषाढातलं कापड पडू लागलं. ताके घडी होऊन ट्रकमध्ये चढत आणि कामगार पुढे ठरल्या दिवशी ते शिस्तीत विणत. माग खडाखडा चाले, बीमच्या रुळावरचं सूत संपे, पण कापड निघत नसे, कारण ते केव्हाच निघालेलं असे.

नियम एवढाच होता की कापड जसं आलं असेल तसंच ते विणायचं. एका ताक्यावर तेलाचा डाग होता, तर नेमक्या वेळी नेमक्या जागी तेल सांडायला एका माणसाची नेमणूक झाली. एकदा एका मागावर सूत लावायचं राहून गेलं, तेव्हा नागपुरात एका गृहस्थांच्या अंगातला सदरा पंगतीत बसल्या बसल्या नाहीसा झाला. त्यांनी रीतसर तक्रार केली. कारखान्याने माफी मागितली, सूत लावलं, सदरा परत आला. पंगत मात्र तोवर उठली होती.

भूपाल मगदूम या सगळ्याला सरावला होता. मिसरूड फुटल्यापासून तो मागावर होता आणि कापड आधी आलं काय, नंतर आलं काय, कान दोन्ही वेळी सारखेच बधिर होतात, असं त्याचं मत होतं. त्याचं सगळं लक्ष मुलीकडे होतं. पद्मजाला मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आषाढात ती जायची होती. आपल्या घरातलं कुणी पुन्हा मागाला हात लावणार नाही, हे त्याने गल्लीत इतक्या वेळा सांगितलं होतं की लोक त्याला बघून रस्ता बदलत.

वैशाखातल्या एका दुपारी हौसाक्काने त्याला हाक मारली. हौसाक्का कापड तपासणारी. मागावर धागा तुटला की कामगार गाठ मारतो आणि प्रत्येकाच्या गाठीला आपलं एक वळण असतं, अक्षराला असतं तसं. हौसाक्का बोटाने चाचपून गाठ कुणाची ते सांगायची.

“भूपालदादा, जरा हिकडं या. ह्यो तुमच्या मागावरचा आषाढातला ताका.”

“मग? डाग पडलाय व्हय?”

“डाग न्हाई. गाठ तुमची न्हाई.”

भूपाल वाकला. ताक्याच्या सुरुवातीच्या गाठी त्याच्याच होत्या, सुट्या टोकाचं शेपूट उजवीकडे पडलेल्या. पुढे मात्र गाठीचं शेपूट डावीकडे पडत होतं. ही गाठ त्याने ओळखली. पद्मजा लहान असताना त्याच्यासमोर बसून पोत्याच्या सुतळीवर गाठ मारायला शिकली होती. समोरून बघून शिकल्यामुळे तिची गाठ उलटी झाली होती. अख्ख्या गावात अशी गाठ दुसरं कुणी मारत नव्हतं.

म्हणजे एक तर आषाढात आपण मरणार, नाहीतर अंथरुणाला खिळणार, आणि पोर कॉलेज सोडून आपल्या जागी उभी राहणार. मरणाचं त्याला एवढं वाटलं नाही. वाटलं ते पोरीचं.

तो ताका खांद्यावर टाकून तसाच देवस्थळी साहेबांकडे गेला.

“म्हणजे आषाढात तुम्ही नसाल,” साहेब गाठी बघून म्हणाले. “आधी कळलं हे बरं झालं. बदली माणूस शोधायला वेळ मिळाला.”

“साहेब, बदली माणूस म्हंजे माझी पोरगी हाय.”

“उत्तम. शिकवण्याचा वेळ वाचला.”

“ती मिरजेला जाणार हाय. मी तिला मागावर येऊ देणार न्हाई.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. “मगदूम, या मालाचे शाळेचे गणवेश होणार आहेत. आषाढात पोरं मैदानात प्रार्थनेला उभी असतील. तेव्हा हे विणलंच गेलं नाही तर?”

भूपालच्या डोळ्यांसमोर ते मैदान उभं राहिलं.

“जशी गाठ आहे तशी गाठ पडली पाहिजे,” साहेब म्हणाले. “कारखान्याचं म्हणणं एवढंच आहे. बाकी तुमचा घरचा प्रश्न.”

तिसऱ्या दिवशी जेवता जेवता भूपालचा घास हातातच राहिला. साहेबांनी गाठ सांगितली होती, माणूस सांगितला नव्हता.

“पद्मू, तुझी गाठ मला शिकीव.”

“तुमीच शिकवली की, पप्पा.”

“मी माझी शिकवली. तुझी निराळीच झाली.”

त्याने तिला सगळं सांगितलं. ती उठून सुतळीचा गुंडा घेऊन आली. या वेळी दोघं शेजारी शेजारी बसली. एवढी वर्षं एका वळणाने गेलेली बोटं भूपालचं काही ऐकेनात.

“पप्पा, परत सरळ झाली.”

“हात माझा हाय का दुसऱ्याचा, काय कळंना!” भूपालने सुतळी भिरकावून दिली.

पद्मजाने ती उचलून आणली, त्याची बोटं आपल्या हातात धरली आणि गाठ घातली. ज्येष्ठ असाच गेला. शेवटी शेवटी गाठ जमायची, पण नजर हटली की पुन्हा सरळ पडायची.

आषाढात पद्मजा एसटीने मिरजेला गेली. जाताना ती रडली आणि भूपालही रडला.

त्या ताक्याची पाळी आली तेव्हा देवस्थळी साहेब फोनजवळ जाऊन बसले. हौसाक्का मागाशेजारी उभी राहिली. सुरुवातीच्या गाठी भूपालने आपल्या वळणाच्या घातल्या. मग जिथून डावीकडच्या गाठी सुरू होत होत्या तिथला धागा तुटला. त्याने माग थांबवला. सवयीने बोटं उजवीकडे गेली, त्याने गाठ सोडली. पुन्हा उजवीकडे गेली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले आणि हात पद्मजाच्या हातात असल्यासारखा सैल सोडला. शेपूट डावीकडे पडलं.

“बरोबर,” हौसाक्का म्हणाली.

पाळी संपेपर्यंत एकाही शाळेची तक्रार आली नाही. साहेबांनी सर्वांना चहा दिला, अर्थात जागेवर.

त्यानंतर भूपालच्या हातून जुनी गाठ पडेना. त्याने फारसा प्रयत्नही केला नाही. साहेबांच्या सुधारणा चालूच होत्या. श्रावण लागायच्या आत मार्गशीर्षातलं कापड आलं आणि हौसाक्काने त्याला पुन्हा टेबलाशी बोलावलं. भूपालच्या मागावरच्या सगळ्या ताक्यांत गाठी डावीकडे होत्या.

“दादा, ह्या तुम्ही घातल्या का तिनं?”

भूपालने कापड उजेडात धरून पाहिलं. बोटाने एकेक गाठ चाचपली. दोघांची गाठ आता एकच झाली होती.

“मीच,” तो म्हणाला आणि तिकडे धागा तुटला होता म्हणून मागाकडे गेला.