'तर'खालची दुसरी ओळ

माझ्या हातून जुनं काही मोडत नाही, असं मी ठणकावून सांगायचो. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत.

आमच्या बेकरीतली यंत्रं ज्या छोट्याशा संगणकी भाषेवर चालतात, ती मी सांभाळतो. तिच्यातला, म्हणजे 'अमुक असेल तर तमुक कर' यातला, 'तर' भलताच कंजूष होता. त्याच्या खालच्या एकाच ओळीला अट लागायची. दुसरी ओळ अट खरी असो-नसो, चालायचीच.

दोन वर्षं डोकं खपवून मी नवा 'तर' केला. त्याच्याखाली आत सरकवून लिहिलेल्या सगळ्या ओळी आता अटीत. मालकीणबाईंना सांगितलं, "जुन्या फायलींना धक्काही लागणार नाही."

"एक जरी बिघडली, तर तुमचं हे नवं प्रकरण त्याच दिवशी बाद," त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी नऊला नवी भाषा चढवली. दहाला शाळेच्या चारशे पावांचा कोळसा झाला होता.

भट्टीवाले मामा शांत. "साडेनऊची घंटाच वाजली नाही."

"अहो, पाव बघायचे ना!"

"एकवीस वर्षं घंटा ऐकतोय. पाव कशाला बघू?"

मी फाइल उघडली. 'भट्टी थंड असेल तर', आणि खाली आत सरकवून दोन ओळी: 'जाळ वाढव', 'घंटा वाजव'. ही फाइल दर अर्ध्या तासाला चालते. म्हणजे घंटा मुळात भट्टी थंड झाल्याचा इशारा होती. जुन्या 'तर'ला दुसरी ओळ दिसतच नसल्यामुळे ती दर अर्ध्या तासाला वाजत राहिली. तिच्यावर पाव निघायचे, पाळ्या बदलायच्या, चहा व्हायचा. अख्खी बेकरी एका चुकीवर सुरळीत चालली होती, आणि मी ती दुरुस्त केली.

मालकीणबाई काळा पाव हातात धरून उभ्या. माझी दोन वर्षं पाण्यात जाणार होती. मी गयावया केली आणि तोड काढली: फायलीच्या डोक्यावर 'जुनं चालू दे' लिहिलं की जुना 'तर', नाहीतर नवा. बाई कशाबशा राजी झाल्या.

संध्याकाळी बघतो, तर मामांनी ती ओळ एकूण एक फायलीच्या डोक्यावर चिकटवलेली. नव्या 'तर'चा नमुना म्हणून मी लिहिलेल्या फायलीवरसुद्धा.

"मामा, ही तर नवीच आहे."

"असू दे. लिहायला काय जातंय?"

तेव्हापासून नवा 'तर' सुखरूप आहे, फक्त तो कुठेच चालत नाही. निदान नमुन्यावरची ओळ पुसावी म्हणून आज बसलोच होतो. तेवढ्यात घंटा वाजली आणि मी चहाला उठलो.