डाव्या-उजव्याच्या शेळके मॅडम

आमच्या वाळूजच्या औषध कंपनीत शेळके मॅडम यंत्राशी बोलतात. सकाळी आल्या की आधी यंत्रातल्या स्टीलच्या नळीला, म्हणजे कॉलमला, विचारतात, "बरी हायेस ना माय?" मग आम्हाला. तेही आठवलं तर.

काही औषधांचे रेणू दोन रूपांत तयार होतात. घटक तेच, वजन तेच. फक्त एक डावा, एक उजवा, आरशात बघितल्यासारखे. त्यांना वेगळं करणं हे मॅडमचं काम. मी नवा असताना विचारलं होतं, "त्यानं फरक काय पडतो?"

"चपला उलट्या घाल अन् गुलमंडीच्या बाजारापर्यंत जाऊन ये. मग सांग."

द्रावणाबरोबर दोन्ही रूपं त्या नळीतून जातात. आतला थर एकाला जरा जास्त धरून ठेवतो, दुसरं आधी निसटतं. पडद्यावर दोन डोंगर उमटतात.

मागं एका औषधाचा एकच डोंगर आला. उजव्या रूपानं आजार बरा व्हायचा, डाव्यानं चक्कर यायची. साहेब खूश. "एकच आहे, म्हणजे शुद्ध. करा सही."

"शुद्ध नाय साहेब. डोंगराचा खांदा बघा, जरा फुगलाय. आत दोघं चिकटून बसलेत."

"अहो, माल भरून गाडी उभी आहे बाहेर!"

"गाडी थांबंल. ही गोळी खाऊन कुणाची आई जिना उतरत असंल, ती पडायची थांबंल का?"

मॅडमनी नळी बदलली, द्रावणातलं अल्कोहोल कमी केलं, प्रवाह मंदावला. दिवसभर यंत्रापुढं उभ्या. "घाई नाय गं. सोड एकाला. लई शहाणी माझी." आम्हाला मात्र दम, "दार कोण आपटतंय रे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ चढली, पार तळाला उतरली आणि पुन्हा चढली. छोटा, पण वेगळा डोंगर. डावं रूप चालेल त्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. साहेबांनी आकडा पुन्हा वाचला. मग स्वतः फोन करून त्यांनी गाडी रिकामी करायला सांगितली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला आणि पाठवायच्या खुणेवर बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"कुणाला पाठवताय?"

"आमचे हे होते तेव्हा त्यांना पाठवायचे. पैठणला मराठीचे मास्तर. कळायचं काहीच नाय. तरी दर वेळी विचारायचे, यातला आपला कोणता?"

"मला पाठवा ना."

"तू तर इथंच उभा हायेस."

"तरी पाठवा."

खिशात फोन वाजला. मी फोटो उघडला, नीट बघितला आणि विचारलं, "मॅडम, यातला आपला कोणता?"

त्यांनी चष्मा पुसला. मग माझ्या फोनवर बोट ठेवून पहिल्यापासून समजावायला सुरुवात केली.